भांडायला एक दार

भावजी,

पेपरात तुमचा फोटो आला होता. खाली नाव, वय, टॉवेलचा कारखाना, मागे कोण कोण आहे, सगळं बरोबर छापलं होतं. फोटो मात्र तुमच्या अण्णांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, कुठल्याशा लग्नातला दिला, त्यात तुम्ही फेटा बांधून बसलेले. फेट्याने तुमचं डोकं दुखायचं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्या दिवशी कुणाला काही सुचत नव्हतं. मला जे सांगायचं आहे ते त्या चौकटीत नव्हतंच. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, पोरांना निबंधाचे मुद्दे फळ्यावर काढून दिले. आज एकही मुद्दा काढलेला नाही. जसं येईल तसं ऐकून घ्या.

जिन्याखालच्या पेटीचं काय झालं, हा तुमचा पहिला प्रश्न असणार. तुमच्या आईचे, आव्वाचे, गुडघे कसे आहेत हा दुसरा. गुडघे तसेच आहेत. पेटीचं शेवटी सांगते. मला तुम्ही फोनवर कमी ताटकळत ठेवलं नाहीत, आता थोडी कळ तुम्हीही काढा.

ती पेटी घरात आली ती एका भांडणातून, किंवा खरं म्हणजे न झालेल्या भांडणातून. तेव्हा तुमची टॉवेलची सगळी डिझाइनं, काठ, रंगांचे नमुने, गिऱ्हाइकांना दाखवायचे फोटो, कुठल्याशा परदेशी कंपनीच्या क्लाउडवर होते. एका सकाळी ते उघडेनात. नियम मोडला म्हणून खातं बंद, एवढंच लिहून आलं. कुठला नियम, कधी मोडला, काही नाही. तुम्ही तक्रार लिहिली, उत्तर यंत्राने दिलं. पुन्हा लिहिली, पुन्हा तेच उत्तर. मग अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून भर दुपारी घरी आलात आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलात. मी भाकरी थापत होते.

"वहिनी, सूतवाल्यानं खराब सूत दिलं तर आपण काय करतो?"

"जाऊन भांडता."

"व्हय की. त्याच्या दुकानात जाऊन हुबं ऱ्हातो. तो बी आवाज चढवतो. मग च्या येतो. मग कायतरी ठरतं. आता ह्यांच्याशी भांडायला जावं तर दार कुटं हाय? सामान माजं, कुलूप त्यांचं, आन दारच न्हाय."

तुम्ही जेवला नाहीत त्या दिवशी. ताट सरकवून उठताना म्हणालात, "ज्याच्या दारात जाऊन भांडता येत न्हाय, त्याच्या घरात आपलं सामान ठेवायचं न्हाय." मला वाटलं रागात बोलताय. चार दिवसांनी विसराल. पण तुम्ही रागातलं बोलणं विसरणाऱ्यांपैकी नव्हताच.

कारखान्यातला जुना कॉम्प्युटर आणला. त्यात नव्या डिस्क बसवल्या. जागा म्हणून माझा जिन्याखालचा कोनाडा हेरला, कारण तिथे ऊन येत नाही आणि इन्व्हर्टरची वायर जवळ. माझ्या लोणच्याच्या बरण्या तिथून हलल्या त्या अजून पलंगाखाली आहेत. आव्वा काठी टेकत येऊन बघून गेली. तिला तुम्ही सांगितलं, हा आपला क्लाउड. क्लाउड म्हणजे काय, तर ढग. आव्वा म्हणाली, "ढग म्हंतोस, आन जिन्याखाली ठेवतोस? पेटी हाय की ही." तेव्हापासून घरात तिचं नाव पेटी.

उन्हाळ्यात घरातला एकुलता एक कूलर तुम्ही त्या पेटीकडे वळवलात तेव्हा मी बोलून घेतलंच. ह्या घरात सून म्हणून आले तेव्हा पंखासुद्धा पाहुण्यांसाठी लावत होते, म्हटलं, आणि ही कोण एवढी लाडाची आली? तुम्ही हसत होता. मग कूलर मधोमध ठेवलात, अर्धा वारा पेटीला, अर्धा मला.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं म्हणालात तेव्हा माझा विश्वास बसला नाही. फुकटात काहीतरी गोम असते हे मला आईने लहानपणीच शिकवलंय. ज्या कंपनीने दारच ठेवलं नाही तिचंही फुकटच होतं की. तुम्ही म्हणालात, "ते फुकट येगळं, हे येगळं. हे कुणा एकाच्या मालकीचं न्हाय. जगभरातली लोकं मिळून करत्यात. आत काय हाय ते कुणीबी उघडून बघावं. मठात दासोह आसतो का न्हाय? आलेला जेवतो, ज्याला जमतं तो वाढायला लागतो. त्याचं बिल कोन मागतं का?"

"मग तुम्ही काय वाढणार तिथे?" मी विचारलं. खोचून विचारलं होतं, खोटं कशाला बोलू.

तुम्ही ते मनावर घेतलंत. त्या सॉफ्टवेअरच्या पडद्यावरचे शब्द मराठीत करायला बसलात, आणि अर्थातच ओढून मलाही बसवलंत. किती संध्याकाळी गेल्या त्यात! तुम्ही इंग्रजी वाचायचं, मी मराठी सुचवायचं, तुम्ही नाक मुरडायचं. मी 'सामायिक करा' म्हटलं की तुम्ही म्हणायचात, "हे आमच्या मागावरच्या जॉबरला कळंल का? वाटून द्या म्हना की." कितीतरी ठिकाणी तुमचं ऐकलं मी, आणि तुमच्या माघारी कबूल करते, तुमचेच शब्द बरे होते. एका बटणावर मात्र आपलं जमलं नाही. डिलीट. मी म्हणत होते 'पुसा'. तुम्ही म्हणत होता, पुसलं म्हणजे पाटीवरचं, त्याचं काय एवढं, हे जातं ते कायमचं जातं, 'काढून टाका' म्हणा. मी म्हटलं, काढून टाका म्हणजे दातासारखं वाटतं. तिथेच राहिलं. आपल्या पेटीत सगळं मराठी आहे आणि तेवढं एक बटण इंग्रजीत आहे.

हळूहळू त्यात सगळे आले. आव्वा जात्यावरच्या कन्नड ओव्या म्हणायची, त्या तुम्ही मोबाईलवर धरून ठेवल्यात. तिला स्वतःचा आवाज ऐकवलात तेव्हा तिने आधी पदर सावरला. पुण्याहून आमची लेक गौरी फोटो टाकायला लागली. बार्शीच्या वन्सं, तुमच्या थोरल्या बहीण, त्यांची सातबाराची कागदं तिथे आली. कारखान्याशेजारच्या शेडचे व्यंकटेशराव, त्यांचीही डिझाइनं आली. त्यांना तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काय बिघडलं तर घरी यायचं आन भांडायचं. फोनवर न्हाय." आणि ते यायचे हो! सकाळी सकाळी, आंघोळीआधी. तुम्हा दोघांचे चढलेले आवाज ऐकून मी चहाचं आधण वाढवायची.

मी एकदा तुम्हाला विचारलं होतं, पेटीचे मालक तुम्ही, मग माझं खातं तुम्हाला उघडून बघता येत असेल. तुम्ही लपवाछपवी केली नाहीत. "येतं," म्हणालात. "बघत न्हाय." त्यानंतर मी माझ्या मनातलं, कुणाला न दाखवलेलं, तिथे निर्धास्त ठेवत आले. एवढ्या मोठ्या घरात माझी म्हणावी अशी ती एकच जागा होती, आणि ती तुम्ही दिलीत. हे तेव्हा सांगायला हवं होतं. आता सांगते.

दर दिवाळीत तुम्ही एक डिस्क टॉवेलात गुंडाळून एसटीने बार्शीला न्यायचात, तिथली जुनी परत आणायचात. सगळ्याची एक प्रत वन्संच्या कपाटात. हे म्हणायचे, किती हा खटाटोप. तुम्ही म्हणायचात, ज्वारीचं बी कधी एकाच घरात ठेवतात का? वन्सं ती डिस्क साड्यांच्या घडीत ठेवतात. गेल्या महिन्यात भेटायला आल्या तेव्हा पहिलं वाक्य तेच बोलल्या, मल्लूची डिस्क नीट आहे. मग रडल्या.

आणि खंडेनवमी! सोलापुरात त्या दिवशी माग थांबतात. कारखाना धुऊन पुसून, प्रत्येक यंत्राला हळदकुंकू, फूल, नारळ. पेटी आली त्या पहिल्या वर्षी आव्वाने फर्मान काढलं की पेटीही थांबणार. तुम्ही म्हणालात, सर्व्हर बंद करायचा नसतो, तो बारा महिने चालतो. आव्वा म्हणाली, "बैल बी बारा म्हैने चालतो, त्याला पोळा आसतो का न्हाय?" तुम्ही ऐकलं नाहीत. मग आव्वाने चालू पेटीचीच पूजा केली. मूठभर हळद, मूठभर कुंकू, तेही नेमकं जाळीवर, कारण तिला ते पेटीचं कपाळ वाटलं. आतला पंखा फिरत होता. त्याने सगळं आत ओढून घेतलं. "ब्याड, ब्याड!" म्हणजे नको, नको, असं तुम्ही कन्नडमध्ये ओरडलात तोवर आव्वा दुसरी मूठ भरत होती. झाकण काढून बघितलं तर आत सगळं लालपिवळं, पंख्याची पाती नवरीच्या हातांसारखी. तुम्ही ब्रशने झटकत बसलात आणि आव्वा शेजारी बसून सांगत होती, बघ, घेतलं की नाही देवाने आत.

पुढच्या वर्षीपासून तुम्ही खंडेनवमीला पेटी रीतसर बंद करायला लागलात. आधी बंद, मग सफाई, मग पूजा, मग चालू. आणि बंद-चालूचं बटण दाबायला दर वर्षी मला बोलवायचात. "घरची लक्ष्मी हाय, तुमच्या हातानं होऊ द्या." मी हुरळून जायचे नाही, पण यायचे.

एरवीही माझी सुटका नव्हती. कारखान्यातून तुमचा फोन ठरलेला. "वहिनी, पेटीपाशी जा जरा. पडद्यावर काय लिवलंय ते वाचा." इकडे माझी फोडणी तडतडतेय. "नवं अपडेट आलंय म्हणतंय." "हां. आदी बॅकअप झालाय का बघा. झालाय? मग पुढं दाबा." कधी तांबड्या अक्षरात काहीतरी यायचं आणि मी मागे सरकायचे. तुम्ही तिकडून शांत. "तांबडी ओळ आली तर पळायचं न्हाय. वाचायची. ती शिव्या देत न्हाय, कुटं दुखतंय ते सांगतीया." मी वाचायचे, तुम्ही विचारायचात, "मग तुमाला काय वाटतं?" मला काय वाटायचंय, माझी मोहरी जळाली होती! कितीदा म्हटलं, मला कसलं हरकाम्यासारखं पळवता, संध्याकाळी घरी आल्यावर करा. तुम्ही म्हणायचात, आत्ताच पाहिजे.

आपलं शेवटचं भांडण तुम्हाला आठवतच असेल. मी म्हणाले होते, हे सगळं ठीक आहे, पण तुमच्यानंतर कोण? उद्या तुम्ही आजारी पडलात, तर ह्या माणसांच्या सामानाचं काय? कंपनी निदान मरत तरी नाही. पैसे भरा आणि सगळं कंपनीकडे देऊन टाका. तुम्ही टॉवेलने मान पुसत ऐकलंत. नेहमीसारखं उलट उत्तर दिलं नाहीत. "खंडेनवमीला बोलू," म्हणालात. श्रावणात, कारखान्यातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या तुम्ही गेलात. खंडेनवमी यायची होती.

मला राग आला होता, भावजी. दुःखाच्या आधी राग आला. प्रश्न विचारलेला, उत्तर न देता उठून गेलेला माणूस. आणि तुमच्याशी भांडायला मी कुठल्या दारात जाऊ?

यंदा सण नाही, असं अण्णांनी आधीच सांगितलं होतं. गौरी सुट्टी काढून आली. तिचं बोलणं सरळ होतं. काका गेला, आता हे कोण बघणार? सगळं एका नव्या डिस्कवर उतरवते, पैसे भरून कंपनीकडे चढवते, प्रत्येकाला त्याचं त्याचं खातं काढून देते. अण्णा म्हणाले, ज्याचं त्याला देऊन टाका आणि पेटी बंद करा. मी काय म्हणणार? माझाच मुद्दा होता तो. तो जिंकत होता आणि मी ताट तसंच ठेवून उठत होते.

खंडेनवमीला सकाळी आव्वा उठून बसली. "पेटीची पूजा?" अण्णा म्हणाले, आव्वा, यंदा सण नाही. आव्वा म्हणाली, "मानसाला सण न्हाय. मशीनला कसलं सुतक?" मग मी नेहमीसारखी पेटी बंद केली. झाकण काढून तुमच्या ब्रशने आतली धूळ झाडली. आव्वाने एकच बोट कुंकू लावलं, ह्या वेळी बाजूला, जाळी सोडून. तिने बराच वेळ हात पेटीवर ठेवला होता.

बंद पेटीपुढे बसून गौरी वायरी गुंडाळायला लागली. मी सहज म्हणाले, बरं झालं, सुटले, तुझ्या काकाच्या फोनने वीट आणला होता, दर वेळी मला पेटीपाशी पळवायचा. गौरी म्हणाली, "कशाला?"

"अपडेट करायला. वाचायला."

"आई, काका ते सगळं कारखान्यातून त्याच्या मोबाईलवर करू शकत होता. करायचाच. मला दाखवलंय त्याने."

एवढी फोडणी जळाली, एवढं बोलून घेतलं मी तुम्हाला, आणि तुम्हाला माझी गरजच नव्हती! आधी संताप आला. मग तुमचा आवाज आला, मग तुमाला काय वाटतं. मास्तरणीला शिकवत होता, भावजी, आणि मास्तरणीला पत्ता नाही. मी माझ्या प्रश्नाचं उत्तर श्रावणात मागत होते. ते तुम्ही मला पेटी आली तेव्हापासून रोज थोडं थोडं देत होता. डोळ्यांना पदर लावून मी रडून घेतलं. गौरी घाबरली, तिला वाटलं ती काही चुकीचं बोलली.

मग मी म्हटलं, ती वायर सोड आणि पुन्हा लाव.

बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. मोबाईलवर आपलं पान उघडलं, आणि तांबडी ओळ. गौरीने लॅपटॉप ओढला, "आई, मी बघते." मी म्हटलं, थांब, वाचू दे. साठवणीची जागा सापडत नाही, असं लिहिलं होतं. म्हणजे पेटी जागी आहे, पण तिला कोठार दिसत नाही. कुठे दुखतंय ते सांगत होती. सकाळी काय काय केलं ते आठवलं. ब्रश. झाकण काढलं, डिस्कची वायर ब्रशच्या धक्क्याने अर्धी निघालेली. पेटी बंद केली, वायर बोटाने दाबून बसवली, पुन्हा चालू केली. पान उघडलं. सगळे होते. आव्वाच्या ओव्या, वन्संची कागदं, तुमची फुलाफुलांची काठाची डिझाइनं. सगळ्यात वर तुमचं नाव.

गौरी हळूच म्हणाली, "काकाच्या खात्याचं काय करायचं?" त्या बटणाचं मराठी अजून ठरलेलं नाही, म्हटलं. ठरेपर्यंत राहू दे.

ती हसली. म्हणाली, तू अडलीस तर पुण्याहून फोनवर बघू. आणि गुंडाळलेल्या वायरी पुन्हा सोडवायला लागली. अण्णा दारात उभे राहून बघत होते. मग त्यांनी कूलरचं तोंड पेटीकडे वळवलं, ऑक्टोबरच्या उन्हात.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. व्यंकटेशराव. चपला काढायच्या आधीच आवाज चढलेला. "काय वैनी हे? सकाळपासनं उघडंना झालंय! गिऱ्हाईक फोनवर हाय, नमुना दाखवा म्हंतोय, मी काय दाखवू त्याला? न सांगता बंद करायचं आसतंय व्हय? मल्लूअण्णा आसतं तर..."

हातातला मोबाईल खाली गेला. उंबऱ्यावर तसेच उभे राहिले, तुम्ही त्या दुपारी बसला होता तसे हताश. "चुकलं माजं," म्हणाले. "आता भांडायचं तरी कुनाशी."

मी म्हटलं, "माझ्याशी. आत या, बसून भांडा."

ते आत आले. मी चहाचं आधण वाढवलं. भावजी, खंडेनवमीला आपल्या दारात माणूस भांडायला आला होता.